पिकदाणीवाला

नागपुरात किळस यायला घराबाहेर पडलं की पुरे. सिग्नलला पुढच्या दुचाकीवाल्याची मान डावीकडे वळायला लागली की मी ब्रेक दाबतो. इतक्या वर्षांत मला ती मान वळायच्या आधीच कळायला लागलीय. जिन्याचे कोपरे, लिफ्टच्या भिंती, दवाखान्यातल्या कुंड्या, आणि 'येथे थुंकू नये' या पाटीवर तर मुद्दाम नेम धरून. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटायचा नि दिवसभर गालात धरायचा, याला आमच्याकडे खर्रा म्हणतात. गालात धरला की थुंकणं आलंच. सबंध शहर या लोकांनी असं रंगवून काढलंय, आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही.

परवा पुण्याच्या आतेभावाने मला एक फोटो पाठवला. सहकुटुंब नागपूर पाहायला आला होता. मागे एक रंगवलेली भिंत, भिंतीवर हातात कलश घेतलेला, गुलाबी गालांचा, छान हसणारा एक माणूस, आणि पुढे तसंच हसणारी माझी वहिनी. खाली लिहिलं होतं, 'किती सुंदर जपलंय रे तुमच्या खात्याने!' मी फोन उपडा करून ठेवला. त्या कलशवाल्या माणसाचं खरं तोंड मी पाहिलंय, आणि ते ज्यांनी शोधून काढलं त्या नत्थूजी बारापात्रेंचं तोंडही मला अजून दिसतं.

महालात, म्हणजे आमच्या जुन्या नागपुरात, भांड्यांच्या दुकानांच्या मागे, एक दुमजली दगडी इमारत आहे. वरच्या मजल्यावर एकच लांबलचक दालन. भोसल्यांच्या काळात कोणा हौशी सरदाराने ते रंगवून घेतलं, आणि काय रंगवून घेतलं! जमिनीपासून आढ्यापर्यंत बोट ठेवायला कोरी जागा नाही. शिकारीला निघालेले हत्ती, पाण्याला निघालेल्या गवळणी, आंब्याच्या झाडावर भांडणारी माकडं, आणि वर छतभर पोपटच पोपट. महालातले लोक त्याला पोपटखोलीच म्हणतात. मधल्या काळात तिथे धान्याचं गोदाम होतं, मग कुठली तरी कचेरी होती, आणि उत्तरेच्या टोकाला चूल मांडून लोकांनी वर्षानुवर्षं स्वयंपाक केला. त्यामुळे तीन भिंती फिकट का होईना दिसायच्या आणि उत्तरेची भिंत तव्याच्या बुडासारखी काळी. पुढे आमच्या पुरातत्त्व खात्याने जागा ताब्यात घेतली, बाहेर निळी पाटी ठोकली, आणि दारात स्टूल टाकून नत्थूजींना बसवलं. मी खात्याचा कारकून. पोपटखोलीची फाइल माझ्याकडे, म्हणून आठवड्यातून दोनतीनदा माझी चक्कर असायची.

नत्थूजी मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरातले. हातमाग बसला तेव्हा हे सरकारी नोकरीत शिरले. काटकुळे, खाकी शर्ट, गळ्यात दुपट्टा, आणि नाक कायम आक्रसलेलं. जगात एकूण वास फार आहे असा चेहरा करून ते बसायचे. 'छ्या!' हा त्यांचा शब्द. कोणी भिंतीला पाठ टेकली, छ्या. कोणी पोपटांसमोर वेफर्स फोडले, छ्या. आमच्या खात्याचं पत्र आलं, छ्या. ते तर न वाचताच.

दारात आलेल्या प्रत्येकाला ते आधी तोंड उघडायला लावायचे. अगदी डॉक्टरसारखं. "आ करा. जीभ वर." लहान मुलांना मजा वाटायची, बायका लाजायच्या, बाप्ये चिडायचे. एकदा एक पांढऱ्याशुभ्र कपड्यातला पुढारी चारपाच माणसं घेऊन आला, गाल फुगलेला. नत्थूजी उठलेही नाहीत.

"आधी थुंकून या."

"ए, तुले मालूम आहे का मी कोन आहो?"

"थुंकून आल्यावर सांगा. आता बोलसान तं अंगावर उडंन."

पुढाऱ्याने नत्थूजींच्या गालाकडे बोट केलं. "आन् तू काय खाऊन राहिला मंग? बडीशोप?"

"खर्राच खाऊन राहिलो. मी बाहेर बसतो साहेब. अंदर जातो तेव्हा तीन डाव तोंड धुतो."

हे खरं होतं. नत्थूजी स्वतः अट्टल खर्राबाज होते. दिवसाला पाच पन्न्या. पण कोपऱ्यावरच्या गटाराशिवाय ते कुठे थुंकले नाहीत, आणि गालात खर्रा असताना त्यांनी त्या दालनाचा उंबरा एकदाही ओलांडला नाही.

तरी एकाने डाव साधलाच. कॉलेजातला पोरगा, पन्नी मोज्यात लपवून आत गेला, तिथे गाल भरला आणि एका गवळणीच्या घागरीवर पिंक टाकली. नत्थूजींनी मारलं नाही, शिवी दिली नाही, पोलिसही बोलावले नाहीत. त्याला मनगटाला धरून त्या डागासमोर खाली बसवलं आणि म्हणाले, "पाह्य आता. एक घंटा पाह्य." स्वतःही शेजारी मांडी घालून बसले. पिंक ओघळत घागरीवरून गवळणीच्या पायापर्यंत आली, तिथे वाळली. पोरगा शेवटी ओकला. नत्थूजींनी आधीच शहाणपणाने त्याला जिन्यापर्यंत नेलं होतं, म्हणून बरं. डाग मात्र आजही आहे. मी ती पिंक वाळताना पाहत उभा होतो आणि मला त्या पोराचीच नव्हे, सगळ्या गावाची शिसारी आली होती.

मग लतिकामॅडम आल्या. जुनी चित्रं दुरुस्त करण्यातल्या जाणकार, खात्याने दोन हिवाळ्यांसाठी बाहेरून बोलावलेल्या. काळ्या भिंतीसमोर त्या आठवडाभर नुसत्या भिंग घेऊन बसल्या. मग एके सकाळी त्यांनी बांबूच्या काडीला कापूस गुंडाळला, तो जिभेवर ओला केला, आणि भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात टिकलीएवढ्या जागेवर हलकेच फिरवला. कापूस काळा झाला. भिंतीवर हत्तीच्या पायाचं एक नख उघडं पडलं, पिवळं, आणि काल काढल्यासारखं ताजं.

नत्थूजी दारातून ओरडले, "मॅडम! थुंकून राहिल्या का तुमी?"

मॅडम हसल्या. त्यांनी समजावून सांगितलं की काजळी आणि तेलकट धूर काढायला माणसाच्या लाळेइतकं मऊ औषध नाही. साबण, स्पिरिट यांनी रंग उचलला जातो. लाळेने मळ तेवढा निघतो. जगभर हे असंच करतात. फक्त तोंड निर्मळ हवं. तंबाखूवाल्याची लाळ चालत नाही.

नत्थूजींनी गालातला खर्रा जिभेने एकीकडे सारला. मग विचारलं, "किती दिवस सोडावं लागंन?"

मॅडमना वाटलं थट्टा आहे. त्यांनीही थट्टेनेच सांगितलं, एक वर्ष. नत्थूजी जिना उतरले, गटारापाशी गेले, गाल रिकामा केला, खिशातल्या दोन पन्न्या पानठेलेवाल्याला परत दिल्या. त्या दिवसापासून खर्रा बंद. त्यांच्या घरच्या मला एकदा म्हणाल्या होत्या, "वीस वर्सं मी सांगून राहिली, लेकीनं रडून सांगतलं, तेव्हा नाही सोडला जी यानं. एका काया भिंतीनं सोडवला." त्यांना आनंद झाला होता की राग आला होता, हे मला त्यांच्या आवाजावरून ठरवता आलं नाही.

तो हिवाळाभर नत्थूजी मॅडमच्या मागे बसून नुसते बघत होते. दुसऱ्या हिवाळ्यात मॅडमनी त्यांच्या हातात काडी दिली. विणकराचा हात, तुटलेला धागा थुंकी लावून जोडण्यात लहानपण गेलेलं. मॅडम म्हणाल्या, माझ्यापेक्षा यांचा हात हलका आहे. जाताना त्यांनी आमच्या खात्याच्या नावाने पत्र लिहिलं: बारापात्रे यांना शिकवलं आहे, आठवड्याला तळहाताएवढी जागा, याहून जास्त नको, रंग सुटतोय असं दिसलं तर थांबावं, आणि या भिंतीला दुसरं काहीही लावू नये. ते पत्र मी फाइलीला लावलं. शिपायाने भिंत साफ करावी असा नियम नव्हता, करू नये असाही नव्हता. तेव्हाच्या साहेबांनी डोळे मिटून घेतले, आणि काम सुरू राहिलं.

काम म्हणजे काय, तर इतरांना बघवणार नाही असं. काडी तोंडात, भिंतीवर, मग कापूस टाकून द्यायचा, नवा घ्यायचा. मळलेला बोळा परत तोंडात घालायचा नाही. तिखट खाऊन दोन तास हात लावायचा नाही. उन्हाळ्यात तोंड कोरडं पडायचं. आंबट काही चघळायला मॅडमनी बंदी केली होती, कारण आंबट लाळेने रंग जातो. यावर नत्थूजींनी तोड काढली ती अशी: रोज सकाळी एक संत्रं आणायचं, त्याला नख लावून वास मोकळा करायचा, आणि ते स्टुलावर समोर ठेवून बघत राहायचं. खायचं नाही. तोंडाला पाणी सुटलं की काडी भिजवायची. संध्याकाळी ते संत्रं सोलून, मी असलो तर मला द्यायचे. "घ्या साहेब. माह्यं काम झालं याच्याशी." मी बाकावर बसून खायचो. त्यांच्या थुंकीचं मला कधी काही वाटलं नाही, याचं मलाच नवल वाटायचं.

हत्तीच्या पायानंतर गालिचा निघाला, मग राजाचा मांडी घातलेला गुडघा, मग राजाच्या मागे उभ्या असलेल्या एका चाकराचे अनवाणी पाय. राजा अर्धवट ठेवून नत्थूजी त्या चाकराच्या मागे लागले. कंबर निघाली, हात निघाले, आणि हातात एक पितळेचं, गळ्याशी निमुळतं भांडं.

"साहेब, ही पिकदानी होय का?"

मी म्हटलं, दिसते तरी तशीच. नत्थूजी काडी खाली ठेवून भिंतीसमोर उकिडवे बसले. "म्हंजे राजा बी खाये. पन थुंकाले मानूस ठेवला होता. भिंतीवर नाही थुंकला." मग त्या भांड्याकडे बोट करून, "हा आपला मानूस होय साहेब. याचं तोंड पायलं पायजे. दिवसभर दुसऱ्याची पिंक हातात धरून उभा राहनाऱ्याचं तोंड कसं असंन?"

त्या तोंडासाठी त्यांनी चार महिने घेतले. हनुवटी, ओठ, मग गाल. मी म्हणायचो, करा की एकदम. ते मान हलवायचे. शेवटी एका दुपारी त्यांचा फोन आला, "साहेब, या. आत्ताच या." मी गेलो. काळ्या भिंतीतून एक सावळा माणूस बाहेर डोकावत होता. राजाकडे बघत नव्हता. मान दुसरीकडे, एक भुवई वर, आणि नाक आक्रसलेलं. त्या कोणा चिताऱ्याने, सरदाराच्या दिवाणखान्यात, सरदाराच्या पैशाने, चाकराच्या तोंडावर किळस रंगवली होती. नत्थूजींना मी तोवर हसताना पाहिलं नव्हतं. ते डोळ्यांतून पाणी येईतो हसले. "छ्या म्हनून राहिला साहेब! हा बी छ्याच म्हनून राहिला!" त्यांनी मला फोटो काढायला लावला. मी काढला, त्यांना पाठवला, माझ्याकडेही ठेवला.

पुढचं सांगताना मला स्वतःचीच घाण वाटते, पण सांगायला हवं.

कोणा पाहुण्याने दारातून चोरून व्हिडिओ घेतला. नत्थूजी काडी तोंडात घालतात, भिंतीवर फिरवतात, परत तोंडात. कापूस दर वेळी नवा होता, ते व्हिडिओत कळत नाही. वर लिहिलं, 'सरकारी नोकरच ऐतिहासिक भिंतीला थुंकी फासतो!' दोन दिवसांत तो अख्ख्या नागपूरच्या फोनांवर फिरला. त्याखाली शेकडो लोकांनी शी, थू, लाज वाटली पाहिजे असं लिहिलं. त्यातले निम्मे तरी ते लिहिताना गाल भरून बसले असतील, याबद्दल मला शंका नाही.

खात्यात नुकतेच नवे साहेब आले होते. टेबलावर हात धुवायची बाटली ठेवणारे. त्यांनी नत्थूजींना आणि मला एकत्र बोलावलं. व्हिडिओ लावला आणि तोंडावर रुमाल धरला. "थुंकी? शी! ही फाइल तुमच्याकडे आहे ना? तुम्ही हे चालू कसं दिलंत?"

मॅडमचं पत्र माझ्या हातातल्या फाइलीत होतं. फाइल उघडून ते पुढे सरकवायचं, एवढंच काम होतं. पण पत्र दाखवलं की मला माहीत होतं हेही दाखवलं, आणि माझी बढती पंधरा दिवसांवर होती. मी म्हणालो, "मला कल्पना नव्हती, सर." कित्येक संध्याकाळी त्या माणसाच्या हातचं संत्रं खाल्लेला मी.

नत्थूजींनी माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "हाव साहेब. यांले काही मालूम नव्हतं. मीच करून राहिलो होतो." आणि हात जोडून, "मले काढा. पन त्या भिंतीले काही लावू नका. तेवढं ध्यानात ठेवा."

त्यांना काढलं नाही. निवृत्तीला वर्ष उरलं होतं, म्हणून खात्याच्या कामठीच्या गोदामात टाकलं. आणि भिंत ठेकेदाराकडे गेली, कारण मोठे पाहुणे यायचे होते आणि अर्धी काळी भिंत बरी दिसत नव्हती. ठेकेदाराने जाहिरातींचे फलक रंगवणारी माणसं आणली, ऑइलपेंटचे डबे आणले. काळा राहिलेला भाग सोड्याने घासला. काजळीबरोबर राजाचं डोकंही गेलं. तिथे त्यांनी नवा राजा काढला, मिशीवाला. साहेब पाहणीला आले, मी वही घेऊन मागे. पिकदाणीवाल्यासमोर ते थांबले.

"हे काय धरलंय याने?"

"पिकदाणी, सर."

"पाहुण्यांसमोर पिकदाणी? कलश करा. वर नारळ दाखवा. आणि हा असा वाकडं तोंड करून का उभा आहे? जरा हसरा घ्या."

रंगाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत 'कलश' असं लिहून घेतलं. त्याने ब्रश बुडवला आणि पहिला फटका त्या आक्रसलेल्या नाकावर मारला. मी तिथून हललोसुद्धा नाही. नंतर अहवाल लिहिला: काम समाधानकारक. सोबत 'कामापूर्वी' आणि 'कामानंतर' असे फोटो लावायचे होते. कामापूर्वीचा म्हणून मी नत्थूजींनी मला काढायला लावलेला फोटो लावला. बढती झाली.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी दालन सगळ्यांना खुलं झालं. रांगेत नत्थूजी होते, धुतलेला सदरा घालून. दारात नवा सिक्युरिटीवाला मोबाइल बघत होता. त्याने कोणाचं तोंड पाहिलं नाही, पण नत्थूजींनी त्याच्यासमोर आपणहून तोंड उघडलं, जीभ वर केली, आणि मग आत गेले. कलशवाल्यासमोर जाऊन उभे राहिले. मागचे लोक सेल्फीसाठी "काका, सरका" म्हणत होते. मी खांबाआड होतो. ते 'छ्या' म्हणतील म्हणून मी वाट पाहत होतो. ते काहीच म्हणाले नाहीत. हात उचलून त्यांनी त्या चकचकीत गालाजवळ नेला, न लावताच खाली घेतला, आणि निघून गेले.

त्यानंतर ते मला एकदाच दिसले, निवृत्तीनंतर, महालातल्याच त्या पानठेल्यावर. पानठेलेवाला त्यांचा खर्रा घोटत होता. मला पळून जाता आलं असतं, पण त्यांनी पाहिलं होतं. मी जवळ गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "नत्थूजी, तुम्ही तर सोडला होता ना?"

त्यांनी पन्नी उघडली, चिमूट गालात ठेवली, आणि अगदी सहज सांगितलं, "आता कोनासाठी तोंड साफ ठेवू साहेब?"

मी पत्राबद्दल, त्या दिवसाबद्दल, माफीबद्दल काही बोलायला तोंड उघडलं, तोवर त्यांचा गाल भरून आला होता. इमारतीची नवी रंगवलेली भिंत हाताच्या अंतरावर होती. ते तिच्याकडे वळलेही नाहीत. वाकून कोपऱ्यावरच्या गटाराकडे गेले. गटाराच्या कडेला मीच उभा होतो. त्यांनी भरल्या तोंडाने, हनुवटी वर धरून, मला हाताने खूण केली.

"साहेब, थोडे बाजूले व्हा. अंगावर उडंन."

मी बाजूला झालो. ते माझ्यावर थुंकले असते तर बरं झालं असतं.